हाल कुणाचे, हकिगत कुणाची: सुरतेच्या वाटेवरचे तीन फसलेले प्रवास

कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रज कबरस्तानात आमचा हेरिटेज वॉक पोहोचतो तोवर ऊन चढलेलं असतं. किल्ला, चौक बाजार, मुगलीसरा करून लोक दमलेले असतात. ऑक्झेन्डेन बंधूंच्या भल्यामोठ्या कबरीच्या सावलीत सगळे टेकतात, पाण्याच्या बाटल्या उघडतात आणि मी माझा ठरलेला किस्सा काढतो. निदान काढत असे.

किस्सा असा. टॉमस कोरियाट नावाचा एक इंग्रज अलेप्पोहून पायी निघाला आणि इराण ओलांडून १६१५ साली अजमेरला जहांगीराच्या दरबारी येऊन थडकला. वाटेत लुटला गेला, उन्हातान्हात वणवण केली, पण मेला नाही. पुढे सुरतेला आला. तिथे आपल्या देशबांधवांकडे विलायतेची दारू असल्याचं कळताच ‘द्या, द्या’ करत प्यायला आणि मेला. ‘म्हणजे गुजरातेत दारू तेव्हाही बाधायचीच,’ असं मी शेवटी म्हणायचो. हशा ठरलेला.

हा किस्सा मी आता बंद केलाय. का बंद केला, ते सांगताना आणखी दोन हकिगतींकडे वळावं लागेल. सुरतेवरचे जुने परदेशी वृत्तांत आपण कशासाठी वाचतो? बहुतेक वेळा शहराच्या वैभवाची वाक्यं उचलण्यासाठी, किंवा गंमत म्हणून. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवास फसल्याची हकिगत ही गंमत नसते. ती कुणीतरी कुणाला तरी सादर केलेली कैफियत असते, आणि कैफियत वाचायची रीत वेगळी असते.

कोरियाट: दारूडा की आजारी?

गेल्या पावसाळ्यात एडवर्ड टेरीचं पुस्तक मी पहिल्यांदा सलग वाचलं. तोवर त्यातले उतारेच वाचले होते, तेही दुसऱ्यांनी निवडलेले. टेरी हा सर टॉमस रोचा पाद्री, आणि रो म्हणजे जहांगीराच्या दरबारातला इंग्लंडच्या राजाचा वकील. १६१७ साली बादशहाचा मुक्काम मांडूला असताना टेरी आणि कोरियाट एकाच खोलीत, नाहीतर एकाच तंबूत राहत होते. म्हणजे साक्षीदार जवळचा आहे.

हा साक्षीदार काय सांगतो? एक, सुरतेला पोहोचला तेव्हा कोरियाटला आधीच जुलाब लागले होते. दोन, तो दारू बेताने प्यायला असावा असं टेरीला वाटतं, कारण हा माणूस मुळात संयमी होता. तीन, त्या दारूने दुखणं बळावलं आणि थोड्याच दिवसांत, डिसेंबर १६१७ मध्ये, तो गेला. दारू मागतानाची कोरियाटची अधीरता टेरीने नोंदवली आहे, हे खरं. आपण तेवढीच उचलली. ‘बेताने’ आणि ‘संयमी’ हे दोन शब्द त्याच वाक्यात आहेत. ते वर्षानुवर्षं गाळत आलो. मीही गाळले. न वाचता गाळले, हे आणखी वाईट.

याच्या थोडं आधी मांडूचा एक प्रसंग येतो. कोरियाट खांबाला टेकून उभा असताना एकदम बेशुद्ध पडतो. शुद्धीवर आल्यावर सांगतो की मनात वाईट विचार आले. आपल्या प्रवासाच्या मोठ्या हकिगतीची इंग्लंडात लोक वाट बघताहेत. आपली तब्येत बरी नाही. आता सुरतेला एकट्याने जायचं आहे. वाटेत मेलो तर कुठेतरी अनामिक पुरले जाऊ आणि मित्रांना कळणारही नाही की आपलं काय झालं.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. घरून निघालेला, पैसे संपत आलेला, पोट बिघडलेला माणूस, आणि त्याची भीती मरणाची नाही, तर कुणाला न कळण्याची आहे. ज्याला ही भीती होती त्याच्या मरणावर मी दर हिवाळ्यात सुरतेत हशा मिळवत होतो.

कोरियाटचा स्वतःचा सूर मात्र वेगळा आहे. अजमेरहून धाडलेल्या त्याच्या पत्रांत तो मोठ्या मिजाशीत सांगतो की अलेप्पोपासून दहा महिन्यांत आपला खर्च फक्त तीन पौंड झाला, आणि त्यातलेही दहा शिलिंग वाटेत काही आर्मेनियन लोकांनी फसवून घेतले. हाल सांगतानाही तो हिशेब सांगतो, कारण कमी पैशात पायी जग बघणारा विक्षिप्त फिरस्ता ही त्याची ओळखच होती. १६११ च्या त्याच्या युरोपवरच्या पुस्तकाने ती बनवली होती. ती टिकवायची तर दुबळेपणा पत्रात लिहून चालणार नव्हतं. तो दिसतो टेरीच्या मजकुरात. रोने त्याच्यासाठी अलेप्पोच्या इंग्रज वकिलाला शिफारसपत्र दिलं. त्यात त्याला प्रामाणिक पण बिचारा अशा अर्थाचं काहीसं म्हटलं होतं. कोरियाटला ते फार लागलं आणि शेवटी शब्द बदलून द्यावे लागले. इंग्लंडच्या राजाने आपली चौकशी तुच्छतेने केली, हे कानावर आल्यावरही तो असाच खट्टू झाला होता. हसण्यावारी नेलं जाण्याची सल या माणसाला जिवंतपणीच होती.

आता टेरीलाही तपासू. त्याचं सविस्तर पुस्तक छापलं गेलं १६५५ साली, म्हणजे घटनेनंतर ३८ वर्षांनी. तो पाद्री आहे, जागोजागी प्रवचन देतो, आणि कीर्तीच्या मागे लागलेल्या माणसाचं काय होतं हे दाखवायला कोरियाट त्याला सोयीचा आहे. शिवाय शेवटचे दिवस त्याने स्वतः पाहिले, असं त्याच्या मजकुरावरून दिसत नाही. ‘बेताने’ हा त्याचा तर्कच आहे. मग तो का मानावा? कारण तो प्रवचनाच्या सोयीचा नाही. दारूडा कोरियाट प्रवचनाला जास्त चांगला शोभला असता. सांगणाऱ्याच्या सोयीच्या विरुद्ध जाणारा तपशील सहसा खरा धरावा, असा माझा अनुभव आहे. तो अनुभव इतिहासातून आलेला नाही, कारखान्यातून आलेला आहे. त्याबद्दल पुढे.

कोरियाटच्या कबरीबद्दल एक सांगायला हवं. सुवाळीजवळ राजगरी गावाबाहेरच्या खांबांवरच्या घुमटाला टॉम कोरियाटची कबर म्हणतात. टेरी मात्र सांगतो की इंग्लंडातल्या चर्चच्या आवारात असतं तसं लहानसं स्मारक त्याच्यावर उभारलं होतं. या दोन गोष्टी जुळत नाहीत. फोटो काढायला काहीच हरकत नाही, पण फोटोखाली ‘म्हणतात’ हा शब्द असू द्यावा. अनामिक पुरलं जाण्याची त्याची भीती बहुधा खरी ठरली.

अपघाताचा अहवाल कसा वाचायचा

मी इंजिनिअर. पंचवीसेक वर्षं कारखान्यांत काढली. काही बिघडलं, कुणाला लागलं, की अहवाल लिहायचा. काय झालं, किती वाजता, कशामुळे, नुकसान किती, पुढे काय. अशा एका अहवालात एका पंपाच्या बिघाडाचं कारण मी ‘चालवणाऱ्याची चूक’ असं लिहिलं होतं. व्हॉल्व्ह आधीपासून नीट बसत नव्हता हे मला माहीत होतं, पण ते लिहिलं असतं तर देखभालीचा प्रश्न आला असता, आणि देखभाल माझ्याकडे होती. तो पंपवाला माणूस खान्देशातला, मराठीच. त्याने अहवाल लिहिला नाही. त्याला कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून कुठलीही संकटाची हकिगत वाचताना मी तीन गोष्टी बघतो. लिहिणारा हे कुणाला सादर करतोय? नुकसानीच्या यादीत काय धरलंय आणि काय नाही? आणि जो लिहू शकत नव्हता त्याचं काय झालं?

सुरतेच्या बाबतीत हे प्रश्न फार उपयोगी पडतात, कारण प्रवास फसायला ही जागाच तशी होती. शहर तापीच्या काठावर, समुद्रापासून आत. नदीच्या मुखाशी गाळाचे आणि वाळूचे दांडे, त्यामुळे मोठी गलबतं शहरापर्यंत येत नसत. युरोपीय जहाजं बाहेर सुवाळीला वाळूच्या दांड्याच्या आडोशाला नांगर टाकत, आणि तिथून माणसं आणि माल होड्यांनी नाहीतर बैलगाड्यांनी शहरात. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशात सर्वांत जबरदस्त म्हणावी अशी. वर पावसाळ्यात बंदराचं काम जवळजवळ बंद. हंगाम चुकला की वर्ष गेलं. म्हणजे हजारो कोस सुखरूप आलेल्या माणसाची शेवटच्या टप्प्यावर कोंडी व्हावी, अशी ही रचना. हाल झाले की इथेच पैसे उसने घ्यायचे, इथेच गाऱ्हाणं मांडायचं. म्हणून कैफियतीही इथल्याच जास्त.

हबशी वकील आणि सोयीची लूट

दुसरी हकिगत १६६४ सालची, फ्रान्स्वा बर्निएने सांगितलेली. बर्निएची सुरतेच्या लुटीवरची ओळ आपल्याला पाठ असते. महाराजांनी कॅपुचिन पाद्री आम्ब्रोझ यांच्या घराला धक्का लावू दिला नाही, ती. मराठी लेखांत, व्याख्यानांत ती हमखास येते, आणि यायलाही हवी. पण याच बर्निएने त्याच लुटीबद्दल दुसरीकडे एक आख्खं प्रकरण रंगवलं आहे, ते आपण सहसा उघडत नाही.

हबसाणच्या, म्हणजे इथिओपियाच्या, राजाने औरंगजेबाला राज्यारोहणाबद्दल मुबारकी द्यायला दोन वकील पाठवले. एक मुराद नावाचा आर्मेनियन ख्रिस्ती व्यापारी, दुसरा मुसलमान व्यापारी. सोबत नजराणा: २५ निवडक गुलाम, त्यातले नऊ-दहा अगदी लहान वयाचे, १५ घोडे, अंगावर सुंदर पट्टे असलेलं एक छोटं खेचर, म्हणजे वर्णनावरून झेब्राच, दोन प्रचंड हस्तिदंत, आणि कस्तुरीसारख्या वासाच्या जवादीने भरलेलं बैलाचं एक अवाढव्य शिंग. मोखाहून सुरतेच्या समुद्रप्रवासात शिधा पुरला नाही. काही गुलाम मेले, घोडे मेले, ते खेचर मेलं. त्याचं कातडं तेवढं जपून ठेवलं. वकील सुरतेला उतरले तेव्हा अंगावर धड कपडे नव्हते, जवळ पैसा नव्हता, पोटात अन्न नव्हतं. थोड्याच दिवसांत महाराजांचं सैन्य शहरात आलं. वकिलांचं घर जळालं. वाचलं काय? ओळखपत्रं, आजारी म्हणून सोडून दिलेले किंवा हाती न लागलेले काही गुलाम, हबशी पोशाख, खेचराचं कातडं आणि रिकामं शिंग. रिकामं, कारण त्यातली जवादी आधीच संपलेली होती.

आता गंमत बघा. वकिलांनी आपल्या नुकसानीचं वर्णन फार फुगवून केलं, असं बर्निए म्हणतो. पण त्यांना जहाजावरून उतरताना ज्या इथल्या लोकांनी पाहिलं होतं ते टोमणे मारत राहिले: हे दोघे नशीबवान, सुरत लुटली गेली ही यांच्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट. नाहीतर तो दरिद्री नजराणा बादशहापुढे न्यावा लागला असता. आता भिकाऱ्यासारखं दिसायला, गुलाम आणि जवादी विकल्याचं झाकायला, सुभेदाराकडे खर्चाला पैसे मागायला कारण मिळालं.

हा परिच्छेद माझ्या मते सुरतेबद्दल परदेशी माणसाने लिहिलेल्या सर्वांत शहाण्या परिच्छेदांपैकी आहे. संकट हे कधीकधी आधीच्या ढिसाळपणावर पांघरूण असतं, हे त्यात आहे. कारखान्यात आग लागली की आधीपासून हरवलेलं निम्मं सामान त्या आगीत जळाल्याचं दाखवतात, तसंच हे. आणि हे ओळखलं कुणी? बर्निएने नाही. बंदरावरच्या लोकांनी. त्यांची नावं नाहीत, पण त्यांच्या टोमण्यातून सतराव्या शतकातली सुरत जेवढी जिवंत उभी राहते तेवढी वैभवाच्या दहा वर्णनांतून राहत नाही.

पण बर्निएलाही सोडायचं नाही. तो तटस्थ नाही. पूर्वी मोखाला तो याच मुरादचा पाहुणा होता. सुरतेच्या डच वखारीच्या प्रमुखाने मुरादजवळ बर्निएसाठीच शिफारसपत्र दिलं होतं. दिल्लीत त्याने या दोघांची आपल्या धन्याशी, दानिशमंद खानाशी, गाठ घालून दिली. बादशहाने पुढे दोघांना मिळून ६,००० रुपये दिले. त्यातले मुसलमान वकिलाला ४,००० आणि मुरादला ख्रिस्ती म्हणून २,०००, हेही तो टिपतो. त्याची नजर तीक्ष्ण आहे, विनोद झकास आहे. त्याच ओघात तो सांगतो की मुरादने आपला लहान मुलगा त्याला देऊ केला, मग ३०० रुपये मागितले, आणि ‘बापाने स्वतःचं पोर मला विकलं’ असं सांगता यावं म्हणून पैसे देऊन टाकावेत असं त्याला वाटून गेलं.

इथे वाचक म्हणून थांबायला हवं. बर्निए हे किस्सा म्हणून सांगतो, अगदी मी कोरियाटचा सांगत होतो तसा. नजराण्याच्या यादीत २५ माणसं घोड्यांच्या आणि शिंगाच्या ओळीत बसवलेली आहेत. वकिलांचा प्रवास फसला, असं आपण म्हणतो. वकील खिलत आणि पैसे घेऊन परत गेले. प्रवास फसला तो त्या माणसांचा, जी समुद्रात उपासमारीने मेली, सुरतेत विकली गेली, आजारी म्हणून जळत्या शहरात मागे सुटली. नुकसानीच्या यादीत ती आहेत, पण ‘गमावलेला माल’ या सदरात. बर्निएचं प्रकरण उत्तम आहे असं मी म्हणतो तेव्हा ही त्याची मर्यादाही सोबत सांगायला हवी.

आपल्या बाजूनेही एक कबुली. मराठी माणूस म्हणून आपण १६६४ च्या प्रत्येक साधनात महाराज कसे दिसतात तेवढंच शोधतो. त्या दिवसांत त्या शहरात अडकलेले परके लोक कोण होते, हे बघितल्याने महाराजांचं काही कमी होत नाही. सुरतेचा इतिहास मात्र पुरा होतो.

गंज-ए-सवाई: दोष कुणाच्या माथी

तिसरी हकिगत सर्वांत मोठी आणि सर्वांत दुःखाची. १६९५ च्या सप्टेंबरात औरंगजेबाचं गंज-ए-सवाई हे जहाज हजचे यात्रेकरू आणि मोठी रक्कम घेऊन सुरतेकडे परतत होतं. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने आधी सुरतेचा सावकार अब्दुल गफूर याचं फतेह मुहम्मद लुटलं, मग हे. खाफी खानाने ‘मुन्तखब-उल-लुबाब’मध्ये ही घटना लिहिली आहे. सुरत अवघी आठ-नऊ दिवसांवर राहिली होती, असं तो सांगतो.

इंजिनिअर म्हणून मला त्याचं वर्णन फार आवडतं, कारण तो बिघाडांची साखळी देतो. जहाजावर ८० तोफा, ४०० बंदुका. पण पहिल्याच झटक्यात एक तोफ आपल्याच हाताने फुटते आणि तीन-चार माणसं मरतात. तेवढ्यात शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी निकामी होते. चाचे तलवारी घेऊन वर चढतात. इथवर सगळं पटण्यासारखं आहे. मग तो म्हणतो की एवढी शस्त्रं असताना कप्तान इब्राहिम खानाने सामना केला असता तर जहाज वाचलं असतं. पण तो पळून खाली गेला, विकत आणलेल्या तुर्की दासींच्या डोक्याला पागोटी बांधली आणि त्यांना लढायला उभं केलं.

हा पागोट्यांचा तपशील सगळीकडे उद्धृत होतो. मला तो संशयास्पद वाटतो. खाफी खान जहाजावर नव्हता. त्या सुमारास तो सुरतेत व्यापाराच्या कामावर होता, रायगडच्या फौजदारासाठी माल घेऊन किनाऱ्याने निघाला आणि वाटेत मुंबईच्या इंग्रजांना भेटला. त्याचा ग्रंथ पुरा झाला तो पुढे कितीतरी वर्षांनी. बादशहाचं जहाज, ८० तोफांचं, एका चाच्याने घेतलं. हे दरबारी लेखकाने सांगायचं कसं? तोफ सदोष होती म्हटलं तर प्रश्न सरकारी दारूगोळ्यावर येतो. कप्तान भ्याड होता म्हटलं की प्रश्न मिटतो. ही माझी ‘चालवणाऱ्याची चूक’च झाली. इब्राहिम खान भ्याड नव्हता असं मी म्हणत नाही. तोफ फुटल्याचं खाफी खानाच्या सोयीचं नसतानाही त्याने लिहिलं, म्हणून ते मी आधी मानतो. पागोट्यांचं नंतर.

नुकसानीचा आकडाही असाच वाचावा. खाफी खान ५२ लाख रुपये सांगतो. भरपाई मागणारी बाजू आकडा वर धरते. इंग्रज कंपनीने धरलेला आकडा बराच खालचा आहे, कारण द्यायची वेळ तिच्यावर होती. सुरतेत लोक इतके खवळले होते की सुभेदार इतिमाद खानाने वखारीतल्या इंग्रजांना, अध्यक्ष सॅम्युअल अ‍ॅन्स्लीसकट, बेड्या घालून महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं. त्यांच्याही तक्रारी आहेत, सविस्तर आहेत, आणि त्यांचे हाल खरे होते.

पण जहाजावरच्या बायकांचं काय? चाच्यांनी आठवडाभर जहाज ताब्यात ठेवलं. खाफी खान सांगतो की अब्रू वाचवायला काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी सुऱ्याने जीव दिला. एव्हरीच्या साथीदारांपैकी पाच जणांना १६९६ साली लंडनमध्ये फाशी झाली, एव्हरी सापडला नाही, आणि तिकडे तो पुढे नाटकांचा, कादंबऱ्यांचा नायक झाला. सुरतेच्या काठावर ज्या बायका उतरल्या असतील त्या घरी कशा गेल्या, कुणी त्यांना घेतलं, कुणी नाही, याची हकिगत कुणी लिहिली नाही. मुगलीसरा ही १६४४ साली हज यात्रेकरूंसाठी बांधलेली सराई आज महापालिकेचं मुख्य कार्यालय आहे. तिथे घरपट्टीच्या कामाला जाताना माझ्या मनात हा प्रश्न येतो.

घरचं माप: गोडसे भटजी

हे सगळं परक्यांचं झालं. मराठी वाचकाकडे फसलेल्या प्रवासाचं स्वतःचं एक माप आहे, आणि मी या तिन्ही हकिगती नकळत त्याच मापाने मोजत होतो. विष्णुभट गोडसे वरसईकरांचा ‘माझा प्रवास’. भटजी सुरतेला आले नाहीत. ते १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून काकांबरोबर उत्तरेला निघाले, घरचं कर्ज फेडायला. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढा साधा हिशेब. पोहोचले ते बंडाच्या वणव्यात. झाशीच्या वेढ्यात सापडले, मिळवलेलं गमावलं, आणि घरी परतताना गंगेची कावड खांद्यावर होती.

गोडसे मला मोठे वाटतात ते एका कारणाने. ते स्वतःची भीती लपवत नाहीत आणि आजूबाजूच्यांचे हाल आपल्या हालांपेक्षा लहान करत नाहीत. कोरियाटसारखी मिजास नाही, बर्निएसारखा चटकदार टोमणा नाही, खाफी खानासारखा बळीचा बकरा नाही. त्यांना अहवाल सादर करायला दरबार नव्हता, वखार नव्हती. घर होतं, आईवडील होते.

तरी त्यांच्याही अहवालावर दुसऱ्याचा हात फिरलाच. चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आठवणी लिहून काढल्या, त्या घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापलं ते मजकुरात बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात होतं म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मुळाबरहुकूम आवृत्ती काढता आली. तब्बल ५९ वर्षं मराठी वाचक साहेबांनी सुधारलेला अहवाल वाचत होता. कागद जपला गेला म्हणून हे कळलं. कोरियाटची शेवटची टिपणं जपली गेली नाहीत. पर्चसने छापलेले काही तुकडे उरले.

यापुढे

तेव्हा वॉकमधल्या माझ्या किस्स्यात बदल केला आहे. आता मी कबरस्तानात सांगतो की कोरियाट नावाचा एक पायी फिरणारा माणूस होता, त्याला जुलाब लागले होते, सुरतेला यायच्या आधी तो मांडूला बेशुद्ध पडला होता, आणि त्याला भीती होती की आपलं काय झालं ते घरी कुणाला कळणार नाही. मग त्याला प्यायला दिलेली दारू, आणि टेरीचे ते दोन शब्द. हशा येत नाही. मागच्या वेळी एक बाई, लेक परदेशात शिकायला असलेल्या, वॉक संपल्यावर मला थांबवून त्या पुस्तकाचं नाव लिहून घेऊन गेल्या.

सभासदांना एक विनंती. हजला गेलेल्या, बोटीने आफ्रिकेला किंवा बर्म्याला गेलेल्या, नाहीतर टापी व्हॅली रेल्वेने खान्देशातून इथे पोट भरायला आलेल्या कुणाची वाटेत अडकल्याची पत्रं, पावत्या, डायऱ्या तुमच्या घरी असतील तर कृपा करून टाकू नका. गिचमिड अक्षर, चुकलेलं व्याकरण, अर्धवट हिशेब, काहीही चालेल. स्कॅन करायला मी घरी येईन. आणि छापताना एक शब्द बदलणार नाही.